डार्ट घरी आली: कंटेनरपासून शेडपर्यंत 88 मैल

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला माझी जुनी डॉज डार्ट गाडी शेडमध्ये उभी राहिली. ओडोमीटर 88 मैलांनी पुढे सरकला होता, म्हणजे साधारण 142 किलोमीटर. ट्रेलरवर टाकून आण, असं निम्म्या जाणकारांनी सांगितलं होतं आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चालवत आणायची तर यार्डातच अर्धा दिवस द्यायचा आणि गाडी नाही म्हणाली तर मुकाट ट्रेलर बोलवायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. साडेनऊला यार्डात अमेरिकेहून आलेला कंटेनर उघडला, अडीचला निघालो. मधल्या पाच तासांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचा सगळा रस्ता त्यांच्या जोरावर पार पडला.

आधीच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: गाडी 1964 ची डॉज डार्ट 270, चार दारांची, 225 घनइंची स्लँट सिक्स (एका बाजूला कललेलं सहा सिलिंडरचं इंजिन), म्हणजे 3.7 लिटर, आणि बटणांचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरने गिअरची बटणं 1956 पासून दिली आणि 1964 नंतर बंद केली, त्यामुळे हे त्यांचं शेवटचं वर्ष. मला हेच वर्ष हवं होतं आणि दोन वर्षं मी त्यासाठी थांबलो.

कंटेनरचं दार उघडल्यावर आधी वास आला. वाळलेलं रबर, जुन्या सीटचा फोम आणि थोडं पेट्रोल. गाडी अमेरिकेतल्या ॲरिझोनाची. तिथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण ऊन रबर आणि प्लॅस्टिक खाऊन टाकतं. अगदी तसंच निघालं. दाराच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, सगळीकडे टॉर्च मारून पाहिली. गंजाचं भोक एकही नाही. दाराच्या पोकळीत मात्र तांबूस बारीक माती भरली होती. डॅशबोर्डला काचेच्या बाजूने हातभर चीर आहे आणि दारांची रबरं बोटाने दाबली की भुगा होतो. हा सौदा मला कधीही मान्य आहे. रबर विकत मिळतं, सडलेला पत्रा कापून नवा जोडायला महिने जातात.

कागद आधी. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) गाडीचा नंबर आणि चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. त्या काळचा नंबर दहा आकडी, आणि तिसरा आकडा 4 म्हणजे 1964. यार्डातून बाहेर पडण्याआधी हे कराच. एक आकडा चुकला तर तो तिथे दुरुस्त होतो, नंतर नोंदणीच्या खिडकीवर अडतो.

मग ब्रेक. या गाडीला मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा भाग) एकाच सर्किटचा. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, पेडल थेट जमिनीला टेकतं. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर डार्टला 1967 पासून आला. त्यामुळे 1964 च्या गाडीत "थोडासा पाझर" असं काही नसतंच. पाझर दिसला की गाडी जागेवर. तिन्ही रबरी होज मी न बघताच बदलायचे ठरवले होते आणि नवे सोबत नेले होते. जुना काढून हातात वाकवला तर बाहेरच्या थराला सगळीकडून भेगा पडल्या, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. आतून कदाचित शाबूत असेलही, पण मला ते रस्त्यावर तपासायचं नव्हतं.

पुढचे दोन्ही ड्रम उघडले. ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, आणि ड्रम बेअरिंगसकट बाहेर येतो. त्यामुळे जुनं ग्रीस धुऊन नवं भरणंही त्याच वेळी उरकलं. उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा) ओलसर होता. रबरी टोपी उचलली तशी आतून काळं ब्रेक ऑइल ओघळलं. रबर कप बदलले, नळकांडं आतून पुसून बोट फिरवलं, खड्डा नव्हता. लायनरना भरपूर जाडी आहे.

मागचे ड्रम उघडले नाहीत. 1964 पर्यंत या गाड्यांचा मागचा ॲक्सल टोकाला निमुळता असतो आणि ड्रम त्यावर चावीने घट्ट बसलेला. तो काढायला चाकाच्या स्टडना धरून ओढणारा खास पुलर लागतो. ड्रमच्या कडेला साधा तीन पायांचा पुलर लावून ओढणाऱ्यांचे ड्रम वाकलेले मी पाहिले आहेत, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. मागची प्लेट खालून कोरडी आहे का ते पाहिलं, चाक हाताने फिरवून घासण्याचा आवाज ऐकला, तळाच्या फटीतून ॲडजस्टर थोडा घट्ट केला. मग सगळं जुनं ब्रेक ऑइल काढलं, आधी मागचं उजवं चाक कारण ते मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब, आणि शेवटी पुढचं डावं. मित्र पेडल मारत होता. पहिली बाटली चहासारखी निघाली, तिसरीला स्वच्छ.

आता एक गोष्ट, जी प्रत्येक जुन्या डॉज-प्लिमथवाल्याने टायरवाल्याला चाकाला हात लावण्याआधी सांगावी. गाडीवरच्या टायरवर 2309 छापलं होतं: 2009 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण रबर दगड झालेलं. तेरा इंची नवे टायर मी आधीच मागवले होते आणि बसवणारा मशीन घेऊन यार्डातच आला. उजव्या बाजूची चाकं सरळ निघाली. डावीकडे त्याने हवेची गन लावली, नट हलेना, तेव्हा त्याने जोर वाढवला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नट सोडायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. चाकाच्या फिरण्याने नट ढिला होऊ नये, ही त्यामागची कल्पना, आणि क्रायस्लरने ती 1970 च्या सुमारापर्यंत पाळली. स्टडच्या टोकावर बारीक "एल" कोरलेला असतो. पन्नास-साठ वर्षांच्या गंजाखाली तो दिसत नाही. ब्रशने घासल्यावर दिसला, टायरवाल्याने वाकून पाहिला आणि म्हणाला, "तीस वर्षं चाकं काढतोय, असं कधी पाहिलं नाही." मग त्याने चारही चाकं हाताच्या पान्याने बसवली. आणखी दोन सेकंद गन चालली असती तर स्टड तुटले असते आणि माझा दिवस तिथेच संपला असता.

इंजिन सुरू करणं त्या मानाने सोपं गेलं. तेल पाहिलं, कुलंट भरलं, कडक झालेली पेट्रोलची नळी बदलली, पारदर्शक फिल्टर लावला. कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) मधली वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारला. 1962 नंतरच्या क्रायस्लरच्या गिअर-रिडक्शन स्टार्टरचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. कण्हल्यासारखा, लांबत जाणारा सूर, दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. वायर परत लावली, कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल, आणि तिसऱ्या प्रयत्नाला ती लागली. उजवीकडे तीस अंशांत कललेलं ते इंजिन आडव्या लांब मॅनिफोल्डसकट थरथरलं आणि मिनिटभरात शांत झालं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) थोडे वाजतात. ते मला आवडतं, कारण याचे टॅपेट सॉलिड आहेत आणि फटी बसवता येतात: इंजिन गरम असताना इनटेक 0.010 इंच, एग्झॉस्ट 0.020. अगदीच वाजेनासे झाले असते तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण फार आवळलेले व्हॉल्व्ह जळतात.

स्पीडोमीटर मैलांत आहे. मी काचेवर कागदी चिकटपट्टीचे तीन तुकडे लावले: 30 ला 48, 40 ला 64, 50 ला 80. चालवताना मनात गुणाकार करायचा नाही.

बटणं दाबायची सवय लागायला दहा मिनिटं लागतात. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला ती बसवली आहेत, पार्किंगसाठी शेजारी वेगळी सरकती दांडी. आर (रिव्हर्स) दाबलं की आतून केबल ओढल्याचा टक् असा स्पर्श अंगठ्याला होतो, मग अर्ध्या क्षणाने गाडी किंचित बसते. डी (पुढे जायचा गिअर) दाबून यार्डाच्या फाटकातून बाहेर पडलो. मित्र त्याच्या गाडीने मागे, दोघांमध्ये दोन गाड्यांचं अंतर, फोन चालू.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून चारही ड्रमना हात लावला. तीन कोमट, पुढचा उजवा जरा जास्त गरम. ब्रेक मारल्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढत होतीच. ॲडजस्टर दोन दाते सैल केला, पुढच्या थांब्याला चारही सारखे. असे थांबे मी दर वीस-पंचवीस किलोमीटरला घेतले. नव्या टायरवर टॉर्शन बारचं (स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या दांड्यांचं) सस्पेन्शन इतकं मऊ चालतं की साठ वर्षांची गाडी आहे हे हातांना पटत नाही. 45 ते 50 मैलांवर ती खूश असते. त्याहून जोरात नेली नाही, कारण नऊ इंची ड्रमना थांबायला लागणारं अंतर माझ्या पायाला अजून पाठ नाही.

बिघाड झाला तो 61 व्या किलोमीटरवर. पेट्रोल भरायला थांबलो, दहा मिनिटांनी सेल्फ मारला, इंजिन लागलं, चावी सोडली आणि लगेच बंद. परत मारला, परत तेच. सेल्फ फिरतोय तोवर इंजिन चालतं, चावी सोडली की मरतं. मित्राला वाटलं गरमीने पेट्रोलची वाफ झाली. "बोनेट उघडून थांबू अर्धा तास," तो म्हणाला. पण क्रायस्लरवाल्यांना हे लक्षण झोपेतही ओळखता येतं. सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब थेट जातो. चावी सोडली की तोच प्रवाह फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पांढऱ्या चिनी मातीच्या बॅलास्ट रेझिस्टरमधून जातो. रेझिस्टर तुटला की चालू स्थितीतला रस्ताच तुटतो. नवा रेझिस्टर मी डॅशबोर्डच्या कप्प्यात स्क्रू-ड्रायव्हरसकट ठेवला होता. एक स्क्रू, दोन टर्मिनल, पाच मिनिटं. फक्त हात लावण्याआधी तो निवू द्या, नाहीतर बोटाला फोड येतो.

जुना उलटा करून पाहिला. मागच्या खोबणीत केसाएवढी तार गुंडाळलेली, आणि मधोमध एका वेढ्यावर हिरवट भुकटी. नखाने टोकरलं तर तार दोन तुकड्यांत हातात आली. समुद्रातल्या दमट हवेने तिचं उरलेलं आयुष्य संपवलं असावं, असा माझा अंदाज. नवा रेझिस्टर हाताशी नसेल तर वायर थेट जोडून थोडं अंतर जाता येतं, पण कॉइल आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) तापतात. घर जवळ असेल तरच. दुकानात या वस्तूचं वजन आणि किंमत पाहून ती बाजूला टाकू नका. दोन घ्या.

शेवटचा तासभर दिवे लावून चालवली. अँमीटरचा (चार्जिंगचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उजवीकडे झुकला आणि मला अस्वस्थ करून गेला. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह फायरवॉलच्या कनेक्टरमधून आत येतो, अँमीटरमधून जातो आणि परत बाहेर पडतो. कनेक्टरची पाती काळवंडली की तिथेच उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळतं. दोनदा थांबून डॅशखाली हात घालून पाहिलं. कनेक्टर कोमट होता, चटका बसत नव्हता. हीटरचा पंखा लावला नाही, काचा खाली ठेवल्या, विजेचा भार जितका कमी करता येईल तितका केला.

घरी पोचल्यावर टाकी परत भरून हिशेब केला: वाटेतलं धरून 18.5 लिटर, म्हणजे लिटरला 7.7 किलोमीटर. थांबे आणि नवखा पाय धरला तर मी समाधानी आहे. गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सकाळी त्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचे चार लाल थेंब आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला एक काळा. कुलंट आणि ब्रेक ऑइल, एक थेंबही नाही.

या आठवड्यात बॅटरी सोडून फायरवॉलचा कनेक्टर काढणार, प्रत्येक पातं घासणार आणि जास्त प्रवाहाच्या दोन वायर त्याला वगळून थेट नेणार. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर शोधतोय. कोणी ड्रम ब्रेकच्या 1964 वर 1967 चा बसवला असेल तर नळ्यांची जोडणी कशी केली ते सांगा. मागच्या ड्रमचा पुलर बुधवारी मिळतोय. लायनरची जाडी मोजून पुढच्या नोंदीत टाकतो.