गडग्यावरची रात्रपाळी

सावंतवाडी रोडला गाडी सोडली आणि बांद्यावरून एसटीने दोडामार्ग गाठलं. मार्च संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूच्या बागा, झाडांखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, सडा आणि हवेत त्याचा आंबूस वास. तिळारीच्या अलीकडे मित्राच्या वडिलांची बागायत आहे. गावाचे ते तात्या, म्हणून आमचेही तात्याच. बागेचा वरचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, संपला की जंगल सुरू. इथल्याच जंगलाच्या एका पट्ट्याला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आम्हाला लावायचा होता. वनखात्याच्या हद्दीत तो परवानगीशिवाय लावता येत नाही आणि लावूही नये. त्यामुळे आमचा सगळा उद्योग गडग्याच्या आत.

जागा तात्यांनीच दाखवली. चिऱ्याचे चार दगड ढासळून गडग्याला खिंडार पडलं होतं आणि त्यातून पायवाटेसारखी गुळगुळीत वाट खाली बोंडूंपर्यंत येत होती. समोरच्या किंजळीच्या बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधला. त्याचं तोंड उत्तरेला ठेवलं, कारण पूर्वेला ठेवलं तर रोज सकाळी सूर्याचेच फोटो मिळतात. मग तात्यांना काठी घेऊन खिंडारात उभं केलं आणि एक फोटो काढून ठेवला. काठीवर वीतवीतभर अंतरावर चुना लावला होता. हा फोटो फार कामाचा. रात्रीच्या चित्रात अंतराचा अंदाज येत नाही; जवळून गेलेला ससा लांबच्या भेकराएवढा दिसतो. काठीचा फोटो शेजारी ठेवला की वाद मिटतो.

या कॅमेऱ्यात उष्णता टिपणारा सेन्सर असतो. आजूबाजूपेक्षा कमी-जास्त तापलेलं काही समोरून सरकलं की तो जागा होतो. म्हणून दुपारी उन्हात तापलेली पानं वाऱ्याने हलली तरी फोटो निघतात. कार्डातले निम्मेअधिक फोटो पानांचेच होते. रात्री झोत इन्फ्रारेडचा, त्यामुळे चित्र काळं-पांढरं. रंगावरून प्राणी ओळखायची सवय असलेल्याची इथे पंचाईत होते. मग बघायची शेपूट, पाठीचा बाक आणि मान कुठे धरली आहे ते.

मांगराच्या पडवीत लॅपटॉप उघडला आणि तात्या, काकी, शेजारची दोन पोरं असा दरबार भरला. पहिलंच जनावर लांबट अंगाचं, मांजरासारखं, बोंडूत तोंड घातलेलं. मी जवादी मांजर म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात तात्या म्हणाले, "हो कांडेचोर. शेपटी बघा, पट्टे खंय आसत?"

खरंच नव्हते. जवादीच्या शेपटीवर गडद कडी असतात, अंगावर ठिपक्यांच्या ओळी आणि पाठीवर लांब रेघा. कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, शेपूट एकसारखी काळी आणि तोंडावर मुखवटा घातल्यासारखे पट्टे. पण सह्याद्रीत तिसरंही एक आहे, तपकिरी उदमांजर, जे पश्चिम घाटाबाहेर कुठेच मिळत नाही. त्याच्या अंगावर ना ठिपके ना मुखवटा. मानेवरचे केस मात्र उलटे, डोक्याच्या दिशेने वळलेले. दिवसा हाती आलं तर ही खूण पक्की, इन्फ्रारेडमध्ये तो भाग नुसता पांढरट डाग होतो. आमच्याकडच्या दोन फोटोंखाली मी 'उदमांजर, जात अनिश्चित' एवढंच लिहिलं. तात्यांना ते काही पटलं नाही.

साळिंदर ओळखायला कुणाचीच गरज पडली नाही, शेपटीकडचे पांढरे काटे झोतात ट्यूबलाइटसारखे पेटले होते. गव्याचे नुसते पाय आले, पण गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेलं एवढं अवाढव्य जनावर इथे दुसरं नाही. पिसोरीवर, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या इवल्याशा जनावरावर, मात्र चर्चा रंगली. पोरं म्हणत होती हरणाचं पिल्लू. चुन्याच्या काठीवर ते दीड वीतही भरेना, अंगावर ठिपक्यांच्या आडव्या ओळी, पाठ मागे उंच आणि पाय काडीसारखे. पिल्लू असतं तर आई कुठेतरी चौकटीत दिसती. पिसोरी मोठी झाली तरी एवढीच, आणि तिच्या नरालाही शिंगं येत नाहीत.

पहाटेच्या एका फोटोत नुसती कूस होती, तीवर गुलाबपाकळ्यांसारखे ठिपके. बिबट्या. तात्यांनी ताबडतोब विचारलं, "काळो काय?" सिंधुदुर्गात काळा बिबट्या दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि तात्यांनी तरुणपणी एक पाहिल्याचं गाव सांगतं. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. दिवसाउजेडी काळ्या बिबट्याचे ठिपके जेमतेम जाणवतात, पण इन्फ्रारेडच्या झोतात ते चांगले उठून दिसतात. मलाया द्वीपकल्पात बहुतेक बिबटे काळेच. तिथल्या अभ्यासकांनी कॅमेऱ्याला दिवसाही इन्फ्रारेड झोत टाकायला लावून त्या काळ्यांमधला एकेक बिबट्या वेगळा ओळखला, ते काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ठिपके दिसले म्हणून बिबट्या काळा नाही असं ठरत नाही, ठिपक्यांमधली कातडी किती फिकी आहे ते बघायचं. आमची चांगलीच फिकी होती. तात्या जरा हिरमुसले.

तोच बिबट्या पुन्हा आला तर ओळखू येईल का, हे काकींनी विचारलं. येईल, पण तीच कूस दिसली तर. दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून मोजणीच्या कामात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. आमच्याकडे एकच, त्यामुळे डाव्या कुशीचा एक बिबट्या एवढीच आमची नोंद.

आता वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाणमांजरासाठी कॅमेरा लावायचा आहे. तिथे अडचण वेगळीच. पाण्यातून आलेल्या पाणमांजराचे ओले, दाट केस अंगातली ऊब बाहेर येऊ देत नाहीत, त्यामुळे सेन्सरला ते नीट कळतच नाही. उपाय म्हणजे सेन्सरवर न विसंबता दर मिनिटाला एक फोटो घ्यायला लावायचं. मी हे सगळं उत्साहात समजावून सांगितलं. तात्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतले आठ सेल बोटाने मोजले आणि विचारलं, "मगे सेलांचे पैशे कोण देतलो?"