काय झालं ते नको, काय लागेल ते सांगा

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा मेसेज आला, ताई घर सोडलंय, काम शोधतेय, रेझ्युमेत मधल्या चार वर्षांचं काय लिहू. उत्तर टाइप करायला बसले तर ते संपेचना, मग म्हटलं इथेच टाकते, अजून कोणाला तरी उपयोगी पडेल.

माझं आधी सांगते. संसारातल्या एका थपडेत माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. फाटलेला पडदा बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, माझाही आला, पण आतल्या कानाला जो मार बसला तो काही भरून आला नाही आणि आता त्या कानाने मला जवळजवळ ऐकूच येत नाही. लोकांना वाटतं एक कान आहे ना चांगला, मग झालं तर. तसं नसतं हो. आवाज येतो पण कुठून आला ते कळत नाही, आणि चार जण एकदम बोलायला लागले की नुसता गलका.

घर सोडल्यावरच्या पहिल्या इंटरव्ह्यूला समोर तीन जण होते. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या साहेबांनी काहीतरी विचारलं, मला अर्धंच कळलं, मी अंदाजाने उत्तर दिलं, त्यांनी परत विचारलं, मी परत भलतंच बोलले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष नाहीये." मी तशीच उठून आले. कान सांगितला असता तर तो कसा गेला तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मला त्या तिघांसमोर सांगायचं नव्हतं. म्हणून दोन्ही गिळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे नोकरी शोधायचे जे नेहमीचे सल्ले असतात ना, प्रोफाइल पब्लिक ठेवा, सगळ्यांच्या कानावर घाला, जुन्या बॉसला फोन करा, ते सगळे हे धरून चालतात की तुम्ही लोकांना सापडणं चांगलंच आहे. माझ्यासारखीला सापडायचंच नसतं. माझ्या जुन्या ईमेलचा रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड बदलायला ज्यावर कोड येतो तो, नवऱ्याचा होता, हे मला आठवलंच नव्हतं. इंटरव्ह्यूचं पत्र त्या ईमेलवर आलं आणि मी वाचायच्या आधी त्याने वाचलं. संध्याकाळी फोन, "मंगळवारी अकराला ना? येतो मी पण." तेव्हा हातातून फोन खाली पडला होता माझ्या. गेले नाही मी त्या इंटरव्ह्यूला.

त्यामुळे रेझ्युमेच्या आधीचं काम हे. नवीन ईमेल उघडा, तोही त्याच्या हाताला कधी न लागलेल्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. कामासाठी वेगळा नंबर. रेझ्युमेवर घराचा पत्ता अजिबात नको. ज्यांचा रेफरन्स देताय त्यांना स्पष्ट सांगा की माझ्याबद्दल कोणी विचारलं तर काही बोलू नका, नातेवाईक म्हणून विचारलं तरी. मात्र जुना ईमेल, लोकेशन शेअरिंग वगैरे तडकाफडकी बंद करू नका. एकदम सगळं बंद झालं की समोरचा सावध होतो आणि धोका वाढू शकतो, म्हणून अशा केसेस हाताळणाऱ्या संस्थेतल्या बाईंशी आधी बोला. जुनं तसंच राहू दे, कामाचं सगळं नव्यावर.

सर्टिफिकेटं दडवून ठेवली असतील (माझी होती) तर डुप्लिकेटसाठी आजच अर्ज टाका, वेळ लागतो त्याला. कागद दडवणं, पगार काढून घेणं, ऑफिसात फोन करकरून नोकरी घालवणं हा आर्थिक छळच आहे, त्यालाही हिंसाच म्हणतात. मला हे फार उशिरा कळलं.

आता खरी मदत कुठे झाली ते सांगते. एका ठिकाणी मला सगळी कहाणी तीन वेगवेगळ्या लोकांना तीनदा सांगायला लावली आणि शेवटी एक फॉर्म हातात दिला. दुसऱ्या ठिकाणच्या काउन्सेलर बाईंनी मात्र काय झालं ते विचारलंच नाही. त्यांनी पेन्सिलीने कागदावर एक लांबट चौकोन काढला, म्हणाल्या, "हे मीटिंगचं टेबल. तुम्ही कुठे बसाल?" मी बराच वेळ बघत बसले आणि मग डाव्या टोकाला फुली मारली, म्हणजे डावा कान भिंतीकडे आणि सगळी माणसं उजवीकडे. "झालं तर," त्या म्हणाल्या, "कंपनीला एवढंच सांगायचं. काय झालं ते नको, काय लागेल ते सांगा."

त्या दिवशी आम्ही बसून यादी केली. बसायला टोकाची खुर्ची, मीटिंगचे मुद्दे आधी लिहून, ऑनलाइन असेल तर लाइव्ह कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून येतं ते, चालू. आणि त्याच यादीत पुढे, माझ्या ड्युटीच्या वेळा फोनवर कोणालाही सांगायच्या नाहीत, कोर्टाच्या तारखेला सुट्टी. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच साध्या भाषेत. मला इतकं हलकं वाटलं!

हे मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही बरं का. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे २००६ चा, त्यात अशा वाजवी सोयी नाकारणं म्हणजे भेदभाव, असं सरळ लिहिलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात घरातल्या हिंसेचा कामावर होणारा परिणाम मान्य करून तो कमी करायला सांगितलंय, आणि सोबतच्या शिफारशीत रजा, कामाच्या वेळेत लवचिकता, नोकरीवरून काढण्यापासून तात्पुरतं संरक्षण हे सगळं येतं. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून अशा माणसांना वर्षाला १० दिवस पगारी रजा मिळते, फिलिपिन्समध्ये तर २००४ च्या कायद्यापासून बायकांना १० दिवस आहेत. आणि खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेतलं जॉब अ‍ॅकोमोडेशन नेटवर्क, कामावरच्या अशा सोयींबद्दल सल्ला देणारं, कंपन्यांनाच विचारून सर्व्हे करतं, त्यात साधारण निम्म्या सोयींना एक पैसाही लागत नाही असं येतं. माझ्या खुर्चीला कुठे लागला?

कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी इंटरव्ह्यूची वेळ ठरली की ईमेलमध्ये दोन ओळी लिहिते, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची मिळाली तर बरं होईल." माझ्या एका मैत्रिणीला फिट्स येतात, ती ऑफर हातात आल्यावर सांगते. तेही बरोबरच. आणि मधल्या वर्षांबद्दल मी एकच वाक्य बोलते, घरच्या कारणाने काम थांबलं होतं, आता पूर्ण वेळ करू शकते, आणि लगेच काय काय येतं त्यावर जाते. खोटं बोलायची गरज नाही, पण सगळं सांगायला आपण बांधीलही नाही.

सोपं होतं असं नाही म्हणणार मी. पहिली नोकरी दोन महिन्यांत सोडली. मागे दार आपटायचं आणि मी दचकून सगळं विसरायचे, हातातलं काम तसंच राहायचं. दुसरीकडे यादीत एक ओळ वाढवली, दाराकडे पाठ नको. तिथे टिकले, अजून आहे.

त्या मुलीला मी टेबलाचा तोच चौकोन काढून पाठवला, वर एक दार पण काढलं. तासाभराने फोटो आला, दार समोर दिसेल अशा कोपऱ्यात फुली, आणि खाली लिहिलेलं, "ताई, सकाळी दहानंतरची वेळ चालेल का विचारू? मुलाला सोडून यावं लागतं." विचार म्हटलं. रविवारी तिचा रेझ्युमे घेऊन बसतोय आम्ही दोघी.