अर्धा लिटर ऑक्सिजन आणि आमचं घर

आमची पोरगी २९व्या आठवड्यात झाली, १,१२० ग्रॅमची. आधी काचेच्या पेटीत, मग वॉर्मरखाली, मग माझ्या छातीवर, असे ७४ दिवस गेले. मे महिन्याच्या अखेरीस डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण पोटात गोळा आला. वजन २,१०० ग्रॅम झालं होतं, पण फुप्फुसं अजून कच्ची होती. नाकाला बारीक नळी लावून मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन घरीच द्यायचा होता. दवाखान्यात रात्री-अपरात्री सिस्टर असायच्या. केज तालुक्यातल्या आमच्या गावात मी, हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मामा म्हणजे सासरे, आणि कधीही जाणारी लाईट.

डिस्चार्जच्या कागदावर शेवटी लिहिलेलं होतं, 'आईस सर्व समजावले आहे.' ते समजावणं दहा मिनिटांचं होतं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, माझ्या हातात औषधांच्या बाटल्या होत्या आणि माझं अर्धं लक्ष नळीकडे. मी सही केली नाही. म्हणाले, मला दोन दिवस इथंच राहू द्या, पण सगळं मीच करणार. एका जुन्या सिस्टरनं माझी बाजू घेतली. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू कर, मी हात मागं बांधून बघते." नळीची पट्टी बदलणं, वाटी-चमच्यानं दूध, औषधाचे थेंब, सगळं त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. एकदाही हात पुढं केला नाही, दोनदा मात्र जोरात ओरडल्या.

आत फक्त आईलाच सोडायचा नियम होता. भांडून मी आत्याबाईंना आणि यांनाही आत घ्यायला लावलं. माझं अजूनही म्हणणं आहे, की एकट्या आईला शिकवून काही उपयोग नाही. आई झोपल्यावर घर कुणी सांभाळायचं?

घरी आल्यावर पहिली लढाई शेगडीची झाली. बाळंतिणीच्या खोलीत शेक, ओव्याची धुरी, बाजेखाली निखारे हे आत्याबाईंच्या हाताला सवयीचं. ऑक्सिजन असलेल्या खोलीत ठिणगीसुद्धा चालत नाही, दिवा नाही, उदबत्ती नाही. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच चूल उचलून बाहेर पत्र्याखाली नेली आणि मामांना सांगितलं, "बिडी ओढायची तर पारावर जा. हितं दिसलात तर बघा." पन्नास वर्षांची बिडी सुटली नाही, पण पारावर गेली. मालिशीचं तेलही चेहऱ्याला नको, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट काही लावायचं नसतं. मग हातापायाला खोबरेल लावायचं आणि हात पुसूनच नळीला शिवायचं, असं ठरलं.

ऑक्सिजनचं मशीन आम्ही भाड्यानं आणलं. कोरोनानंतर ही मशीनं तालुक्याच्या गावातही मिळायला लागलीत. ते खोलीतलीच हवा ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं, म्हणून भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं, मागची जाळी आठवड्याला धुवायची, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. एक गोष्ट दवाखान्यात कुणी सांगितली नव्हती. मोठ्या माणसाच्या मशीनवर अर्धा लिटर नीट मोजता येत नाही, ऑक्सिजन मोजायच्या काट्यातला गोळा तळाशीच थरथरत राहतो. लहान लेकरांसाठी कमी मापाचा वेगळा काटा मिळतो. तो लातूरहून मागवेपर्यंत चार दिवस मी त्या गोळ्याकडेच बघत बसले.

आणि लाईट. आमचं मशीन साडेतीनशे वॅटचं. नव्या इन्व्हर्टरवर ते जेमतेम साडेतीन तास चालायचं. म्हणून दोन छोटे सिलिंडर घरात ठेवले. एकात दीड हजार लिटर गॅस. यांनी खडूनं भिंतीवर हिशोब मांडला: मिनिटाला अर्धा लिटर म्हणजे तासाला ३०, म्हणजे एक सिलिंडर ५० तास. तो आकडा बघितल्यावर मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. बाकी सगळे 'देवाच्या हातात' म्हणत होते, भिंतीवर मात्र ५० तास लिहिलेले होते.

मृगाच्या पहिल्याच वादळात गावठाणाची डीपी जळाली. लाईट यायला अडीच दिवस लागले. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच बसला, पहिला सिलिंडर दुसऱ्या दिवसाअखेर निम्म्याच्या खाली आला. शेजारच्या पोरानं न सांगता रिकामा होईल तसा सिलिंडर अंबाजोगाईला नेऊन भरून आणायचं काम अंगावर घेतलं. वहीत तारीख, वेळ आणि काट्यावरचा आकडा लिहून ठेवायचा. बारावीत नापास झालेला पोरगा, पण त्याची वही मी अजून जपून ठेवलीय.

भेटायला येणारे दोन प्रकारचे असतात, हे त्या दिवसांत कळलं. एक बाजेच्या कडेला बसून म्हणतात, "मायबाई, केवढंसं लेकरू! जगंल का गं?" दुसरे भांडी घासून जातात. पहिल्यांना आम्ही दारातूनच चहा पाजून वाटेला लावायला शिकलो. सर्दी असलेल्याला आत घेतलंच नाही, मग तो सख्खा मामा का असेना.

दुधाचा हिशोब कुणी विचारतच नाही. तीन तासांनी ४० मिली, दिवसातून आठ वेळा. चमच्यानं पाजायला ४० मिनिटं, दूध काढायला २०, वाट्या उकळायला १०. म्हणजे दिवसाचे नऊ तास वर गेले ते नुसत्या दुधात. सलग दीड तास झोप मिळाली तर नशीब. सहाव्या दिवशी औषधाचा डोस मी दिला की नाही, हेच मला आठवेना. घाबरून रडले. त्या रात्रीपासून आत्याबाईंनी दोनचं आणि पाचचं पाजणं स्वतःकडे घेतलं. दूध मी काढून ठेवायचं, पाजायचं त्यांनी. औषधाचा कागद दाराला चिकटवला, दिलं की खूण. मला आशीर्वाद खूप जणांनी दिले, पण दोनचं आणि पाचचं कुणीतरी घेणं हीच खरी मदत होती.

यांचं काम लेकराला उघड्या छातीवर घेऊन बसायचं. दवाखान्यात सांगितलं होतं, की ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं पेट्या कमी पडत होत्या म्हणून. वर शाल पांघरून हे ओसरीत बसायचे. गड्यांनी टिंगल केली, "काय ओ पाटील, बाळंत झालात का?" हे म्हणायचे, "झालो." सोयाबीनची पेरणी यंदा त्यांच्या भावानं केली.

आशाताईंच्या घरभेटीचे दिवस ठरलेले असतात, दवाखान्यात बाळंत झालेल्यांना तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आमचं लेकरू घरी आलं तेच ७४ दिवसांनंतर, म्हणजे रकाने संपल्यावर. तरी आमच्या ताई झोळीचा काटा घेऊन दर आठवड्याला आल्या. वजन ३० ग्रॅम वाढलं तरी त्या ओरडून सगळ्या गल्लीला सांगायच्या. बीसीजीपासून सगळ्या लशी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, कमी वजन म्हणून पुढं ढकलायच्या नाहीत, हेही त्यांनीच आत्याबाईंच्या गळी उतरवलं. श्वास मिनिटाला साठच्या वर, बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळे पडणं, दूध घेईनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर विचारत बसू नका, १०८ लावा, असं त्यांनी मामांकडून पाठ करून घेतलं. फोन मामांच्याच खिशात असायचा.

त्या छोट्या ऑक्सिमीटरनं मात्र आमचा जीव काढला. ९२च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलेलं. दुसऱ्याच रात्री ७४ दिसलं. मी किंचाळले, हे जीप काढायला पळाले. आत्याबाईंनी बल्बच्या उजेडात लेकराकडे बघितलं. "गुलाबी हाय की. पाय बघ किती गार पडलाय." पायमोजा घातला, प्रोब नीट बसवला, ९५. त्यानंतर आमचा नियम झाला: आधी लेकरू बघायचं, मग आकडा.

सगळ्यात दमवलं ते फेऱ्यांनी. इतक्या लवकर झालेल्या लेकराच्या डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पहिली तपासणी महिन्याच्या आत होते, आमची दवाखान्यातच झाली. पण पडदा पूर्ण भरेपर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं. सिलिंडर पायाशी, लेकरू माझ्या छातीवर, मे-जूनचं ऊन. एका ठिकाणी तीन तास रांगेत बसवून सांगितलं, डोळ्यांचे डॉक्टर आज येत नाहीत. परतताना मी एक शब्दही बोलले नाही. पुढच्या वेळेपासून आदल्या दिवशी फोन करूनच निघालो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी लेकरावर सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात, हे आम्हाला आशाताईंकडून कळलं. तोवर खाजगीत बरेच पैसे गेले होते.

ऑगस्टमध्ये दिवसाचा ऑक्सिजन बंद झाला, सप्टेंबरमध्ये रात्रीचाही, डॉक्टरांनी एक एक पायरी उतरवत. आता सोयाबीनची काढणी चालू आहे. पोरगी कागदावर सात महिन्यांची. खरं वय ११ आठवडे वजा करून मोजायचं, म्हणजे साडेचार. बायका विचारतात, "अजून बसत नाही का?" आत्याबाई सांगतात, "तिला दोन वाढदिवस हायेत, दुसऱ्याचं मोजा."

मशीन परत दिलं, सिलिंडर एक ठेवलाय. दिवाळीनंतर कानाची तपासणी आहे. त्या वेळी तिला झोपेत असावं लागतं, म्हणून आदल्या रात्री तिला जागवायचं काम मामांनी घेतलंय, आणि ते आत्तापासूनच सराव करतायत.