गिप्सलँड लेक्स: नकाशावर जवळ, रस्त्याने लांब

मेलबर्नहून पूर्वेला सुमारे 320 किलोमीटरवर लेक्स एन्ट्रन्स हे गाव आहे. सलग गाडी चालवली तर चार तास लागतात. जेवायला आणि पाय मोकळे करायला थांबत गेलात तर साडेपाच धरा. भारतातून आई-बाबा आले की मेलबर्नमधली मराठी घरं त्यांना आधी ग्रेट ओशन रोडला नेतात, मग फिलिप आयलंडला पेंग्विन दाखवतात. त्यानंतरच्या मोठ्या सहलीसाठी गिप्सलँड लेक्सची सरोवरं फार चांगली. चढउतार थोडे, पाणी शांत, आणि कोआला पिंजऱ्यात नाही, झाडावर बसलेले. पण इथलं नियोजन बऱ्याच जणांचं एकाच कारणाने फसतं: नकाशावरचं अंतर.

इथे वेलिंग्टन, व्हिक्टोरिया आणि किंग ही तीन मोठी सरोवरं एकाला एक जोडून पसरली आहेत. पाणी एकूण चारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. समुद्र आणि सरोवरं यांच्यामध्ये नाइन्टी माइल बीच नावाचा वाळूचा लांबच लांब पट्टा आहे. पूर्वी या पट्ट्यातलं समुद्राकडे जाणारं तोंड जागा बदलायचं, वाळूने बुजायचं. 1889 मध्ये माणसांनी कायमचा मार्ग खणला आणि सरोवरं खारी होत गेली. गावाचं नाव त्या मुखावरूनच पडलं. वाळू अजूनही साचते, म्हणून तिथे ती उपसणारं जहाज काम करत असतं.

आता अंतराचं बघा. मेटंग आणि पेन्सव्हिल ही दोन्ही सरोवरकाठची गावं. पाण्यावरून एकमेकांच्या जवळ, पण गाडीने बेर्न्सडेलला वळसा घालून पंचेचाळीस किलोमीटरच्या घरात. लॉक स्पोर्टचं तर याहून अवघड. पेन्सव्हिलच्या समोरच्या अंगाला दिसतं, ‘दुपारी जाऊन येऊ’ असं वाटतं, आणि रस्ता सेल या गावामार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणून राहण्याची जागा ठरवण्याआधी दोन गावांमधलं रस्त्याचं अंतर मोजून घ्या.

म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन जात असाल तर लेक्स एन्ट्रन्समध्ये राहा. सपाट काठ, दुकानं पायी जाण्याच्या अंतरावर, आणि समोरच्या कनिंगहॅम आर्म या पाण्याच्या फाट्यावरचा पादचारी पूल ओलांडला की थेट समुद्राची वाळू. बोट भाड्याने घेऊन दिवस पाण्यावरच काढायचा असेल तर मेटंग. मुलं सायकल चालवणारी असतील आणि कोआला हे मुख्य आकर्षण असेल तर पेन्सव्हिल. लॉक स्पोर्ट आणि त्याच्या शेजारचं लेक्स नॅशनल पार्क या सहलीत कोंबू नका, ती वेगळी सहल आहे. दोन रात्रींसाठी एवढ्या लांब जाऊ नये. तीन रात्री किमान, चार असतील तर उत्तम.

तारखांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटला की मार्चच्या लाँग वीकेंडपर्यंतचा काळ, किंवा तो वीकेंड सोडून ईस्टरच्या आधीपर्यंतचा. शाळा सुरू झालेल्या असतात, पाणी उन्हाळ्याने कोमट झालेलं असतं, आणि भाडी उतरतात. नाताळ ते जानेवारीअखेर अख्खं व्हिक्टोरिया इथे लोटतं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाच-सात रात्रींची किमान अट असते आणि चांगल्या केबिन कित्येक महिने आधी गेलेल्या असतात. भारतातले पाहुणे बहुधा मे-जूनमध्ये येतात, आणि तेव्हा इथे हिवाळा असतो. दिवसा पंधरा अंशांच्या आसपास, वर वारा, आणि जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हाही जाता येतं, स्वस्तही पडतं, पण दिवसात एकच ठिकाण धरा आणि कानटोपी घ्या.

उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. आपल्याकडे उत्तरेचा वारा थंडी आणतो. इथे तो वाळवंटाकडून येतो आणि पारा चाळिशीकडे नेतो. मग दक्षिणेकडून समुद्राचा वारा फिरतो आणि तासाभरात स्वेटर शोधावा लागतो. जानेवारीतही प्रत्येकाची एक गरम वस्तू गाडीत हवी. ऊन मात्र ढगाळ दिवशीही पोळतं, त्यामुळे टोपी आणि सनस्क्रीन विसरून चालणार नाही.

गाडीचा रस्ता सोपा आहे. मोनॅश फ्रीवे धरायचा, तोच पुढे प्रिन्सेस हायवे होतो: पॅकनम, वॉरगल, मोई, ट्रॅरलगन, सेल, स्ट्रॅटफर्ड, बेर्न्सडेल. विमानतळावरून थेट निघत असाल तर शहरातून जाताना सिटीलिंकचा टोल लागतो. तो रोखीने भरता येत नाही, म्हणून भाड्याच्या गाडीत ई-टॅग (टोल आपोआप कापणारं यंत्र) आहे का ते गाडी ताब्यात घेतानाच विचारा. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. सात वर्षांखालच्या मुलांना वयानुसार बाल-आसन किंवा बूस्टर सक्तीचं आहे, तेही बुकिंग करतानाच मागून ठेवा. पहिला मोठा थांबा सेलला घ्या. लेक गथ्रिजच्या काठी मुलांना खेळायला जागा आहे, सावली आहे आणि घरून आणलेला डबा उघडायला टेबलं आहेत.

गाडी नसेल तरी अडत नाही. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून बेर्न्सडेलपर्यंत व्ही-लाइनची रेल्वे आहे, पावणेचार तासांच्या आसपास, आणि पुढे लेक्स एन्ट्रन्ससाठी बस. मार्च 2023 पासून प्रादेशिक प्रवासाच्या दिवसाच्या भाड्यालाही मेलबर्न शहराइतकीच कमाल मर्यादा आहे, म्हणजे तिकीट अगदी स्वस्त. दिवसातून गाड्या मोजक्याच असतात, सीट आधी राखून ठेवा. मात्र गावात पोचल्यावर उत्तरेकडच्या बकन गावातल्या गुहा गाडीशिवाय जवळपास विसराव्या लागतात.

खाण्याचा विचार घरीच करून निघा. राहायला स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. कॅराव्हॅन पार्कांतल्या केबिनमध्ये शेगडी, फ्रिज, भांडी असतात, कुकर मात्र आपला न्यावा. डाळ, पोहे, मसाला, कढीपत्ता हे डॅन्डेनाँगमधल्या भारतीय दुकानांतून घ्या, ते वाटेवरच आहे. भाजी-दूध बेर्न्सडेलच्या सुपरमार्केटमध्ये भरा. लेक्स एन्ट्रन्सला शाकाहारी माणसाला बाहेर मिळतं ते म्हणजे पिझ्झा, चिप्स आणि नशीब असेल तर एखादी भाजीची करी. शिवाय दुपारी अडीचनंतर आणि रात्री आठनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. मासेमारीच्या बोटी इथेच लागतात, ताजी कोळंबी आणि मासे धक्क्याजवळ विकत मिळतात. भारतातून थेट येणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू विमानातल्या कार्डावर जाहीर करावी. दुधाची मिठाई, ताजी फळं, कढीपत्ता आणि केसात माळलेला गजरासुद्धा आत नेता येत नाही. जाहीर केलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर मोठा दंड होतो.

पोचल्यावर गावात शिरण्याआधी कलिम्नाच्या उतारावर जेमीज पॉइंटला थांबा. समुद्र, वाळूचा पट्टा, खणलेलं मुख आणि आतली सरोवरं हे सगळं एका नजरेत तिथूनच दिसतं आणि पुढचे चार दिवस कुठे काय आहे ते डोक्यात बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पादचारी पूल ओलांडून मुखापर्यंत चालत जा. एका बाजूने अडीच किलोमीटरपेक्षा थोडं कमी, वाट सपाट पण काही ठिकाणी भुसभुशीत, त्यामुळे चपलेपेक्षा बूट बरे. मुखाजवळ भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त असतो, तिथे पाण्यात उतरायचं नाही. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, आणि जीवरक्षक नसतील त्या दिवशी समुद्रात फक्त पाय भिजवा. या किनाऱ्यावर पाणी आत ओढून नेणारे प्रवाह वाळूबरोबर जागा बदलतात. काल सुरक्षित होती ती जागा आज तशी असेलच असं नाही. लहान मुलांना डुंबायला पुलाच्या अलीकडचं सरोवराचं उथळ पाणी पुरेसं आहे.

कोळंबीसाठी मात्र एक संध्याकाळ राखून ठेवा, आणि त्यासाठी घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उपयोगी पडतं. उन्हाळ्यात अमावस्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री ओहोटी लागली की कोळंबी सरोवरातून समुद्राकडे निघते. चांदणं असलं की ती तळाशी राहते. म्हणून जानेवारी ते मार्चमधली अमावस्या बघा, आणि त्या दिवसांत ओहोटी अंधार पडल्यानंतर सुरू होते का ते भरती-ओहोटीच्या तक्त्यात तपासा. दोन्ही जुळलं तर जा, नाहीतर झोप घालवू नका. लागतं ते एवढंच: लांब दांड्याचं हातजाळं, पाण्यात चालणारा दिवा, बादली आणि जुने बूट. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दिवा खाली धरायचा. अंग पारदर्शक असल्यामुळे कोळंबी आधी दिसतच नाही. दिसतात ते निखाऱ्यासारखे चमकणारे दोन डोळे. जाळं मागून आणायचं, कारण ती दचकली की शेपटीच्या झटक्याने मागेच उडी मारते आणि आपोआप जाळ्यात येते. पुढून जाळं घातलं की हमखास निसटते. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. खाली पाकट दडलेला असू शकतो, घासण्याने तो आधीच सरकतो. अठरा ते एकोणसत्तर वयाच्या बहुतेकांना मासेमारीचं व्हिक्टोरियाचं लायसन्स लागतं, कोळंबीसाठीसुद्धा. ते ऑनलाइन काढता येतं. किती पकडायची आणि माशाचं किमान माप किती हेही तिथेच वाचून घ्या, अधिकारी रात्री बादल्या तपासतात.

तिसरा दिवस पेन्सव्हिल आणि रेमंड आयलंडला द्या. गाडी या काठालाच ठेवा. साखळीवर चालणारी फेरी पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना फुकट नेते आणि काही मिनिटांत पलीकडे पोचवते. बेटावर 1953 मध्ये कोआला आणून सोडले, त्यांचा आता मोठा कबिला झाला आहे. सव्वा किलोमीटरची खुणा केलेली वाट धक्क्यापासूनच सुरू होते. लोक पानांत शोधतात आणि रिकाम्या हाताने परततात. कोआला बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि झोपतो तो दोन फांद्यांच्या बेचक्यात, म्हणून नजर बेचक्यांवर ठेवा. राखाडी गाठीसारखं काही दिसलं की त्याला कान आहेत का ते बघा. निलगिरीच्या खोडावर ताजे ओरखडे आणि खाली लांबट लेंड्या दिसल्या तर वर कोणीतरी नक्की आहे. हालचाल बघायची तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना. हात लावू नका, खायला देऊ नका. परतताना ईगल पॉइंटच्या टेकाडावर थांबा. मिचेल नदीने गाळ टाकत टाकत सरोवरात कित्येक किलोमीटर लांब दोन अरुंद हात पुढे काढले आहेत. नदी मधून वाहते आणि दोन्हीकडे सरोवर. हे वरूनच नीट कळतं.

बोट घ्यायची असेल तर सकाळची घ्या. सरोवरं उथळ आहेत, त्यामुळे दुपारी वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छोट्या बोटीत सगळे भिजतात. 4.8 मीटरपर्यंतची इंजिनाची बोट चालू असताना लाइफजॅकेट अंगात हवंच. लायसन्सशिवाय कोणती बोट मिळते ते बुकिंग करताना विचारा. मुखातून बाहेर समुद्रात जायचा विचारही करू नका. इथे बुरुनन नावाचे डॉल्फिन राहतात. 2011 मध्ये त्यांचं वेगळी जात म्हणून वर्णन झालं, आणि या सरोवरांत ते पन्नासच्या आसपासच आहेत. दिसले तर बोट शंभर मीटर दूर थांबवा. इंजिन मंद करून शांत राहिलात तर पुष्कळदा तेच जवळून जातात.

बकनच्या गुहा लेक्स एन्ट्रन्सहून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. फेअरी केव्ह 1907 मध्ये सापडली, रॉयल केव्ह 1910 मध्ये. आत वर्षभर सतरा अंश. प्रवेश मार्गदर्शकाबरोबरच असतो आणि जागा मर्यादित, म्हणून वेळ आधी बुक करा. दोन्हींत पायऱ्या आहेत आणि जागोजागी वाकून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी पायऱ्यांची चौकशी करावी. बाहेरचं बन सुंदर आहे, तिथे बसून वाट बघणंही सुखाचं. फोनची रेंज वाटेत जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. वाटेत वेळ असेल तर नोवा नोवाजवळचा स्टोनी क्रीकचा लाकडी रेल्वेपूल बघा: 1916 चा, 276 मीटर लांब. त्यावर चालता येत नाही, खालूनच बघायचा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी वणव्याची गोष्ट गंभीरपणे घ्यावी. 29 डिसेंबर 2019 ला पूर्व गिप्सलँडमधल्या हजारो पर्यटकांना प्रदेश सोडून जायला सांगितलं गेलं आणि पुढे हायवेच बंद झाला. इथून बाहेर पडायचा मुख्य रस्ता एकच आहे. फोनवर विकइमर्जन्सी ॲप घ्या, रोज सकाळी धोक्याची पातळी बघा. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ ही सगळ्यात वरची पातळी असेल तर जंगलातले बेत रद्द, बकनही रद्द. टोटल फायर बॅनच्या (उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या) दिवशी कोळशाची शेगडी पेटवणं गुन्हा आहे. मोठ्या पावसानंतर उष्णता वाढली की सरोवरात निळं-हिरवं शेवाळ फुलतं. काठावर त्याची पाटी असेल तर पाण्यात उतरू नका, कुत्र्यालाही पाजू नका.

परतीचा प्रवास दुपारी सुरू करू नका. घराकडे जाताना तोंड पश्चिमेला असतं, मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि नेमक्या त्याच वेळी कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्याकडेला चरायला निघतात. कांगारू सोबतीने फिरतात. एक ओलांडून गेला तरी दुसरा मागून येईल असं धरूनच वेग कमी ठेवा. सकाळी नऊला निघालात तर सेलला चहा, ट्रॅरलगनला जेवण आणि पॅकनमपुढची गर्दी वाढायच्या आत घर.