तीर्थनची नोंदवही: लाइन आखूड केली आणि ट्राउट लागू लागले

यंदाच्या हंगामात माझ्या फ्लाय फिशिंगमध्ये एकच मोठा बदल झाला. मी लाइन, म्हणजे रॉडमधून सोडायची जाड दोरी, आखूड केली. आता फ्लाय (पिसं-धागे हुकला बांधून केलेला नकली किडा) बहुतेक वेळा वीस-पंचवीस फुटांच्या आतच पडते आणि ट्राउट मासे आधीपेक्षा कितीतरी जास्त लागतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुण्या-मुंबईत व्हिडिओ बघून शिकणाऱ्या आपल्या मंडळींचा सगळा जीव लांब कास्टमध्ये, म्हणजे लांब फेकीत, अडकलेला असतो. हिमाचलातल्या नद्यांवर त्याची गरज क्वचितच पडते.

तीर्थन कुल्लू जिल्ह्यातली नदी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येते, गुशैणी, बंजार करत लारजीपाशी बियासच्या पाण्यात जाते. पाणी बर्फाचं, उतार मोठा आणि पात्रभर धोंडे. नदी वाचायची म्हणजे हे धोंडे वाचायचे. धोंड्याच्या दोन्ही अंगांनी पाणी धावतं, मागे ते थबकतं. धावतं आणि थबकलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतं, त्या रेघेवर ब्राउन ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. ताकद कमी खर्चायची आणि शेजारून वाहत येणारं खाणं टिपायचं, हा त्याचा हिशोब.

आता त्या थबकलेल्या पाण्यात चाळीस फुटांवरून फ्लाय टाकली तर काय होतं? मधला वेगवान प्रवाह लाइन पकडतो, तिला पोट येतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फ्लाय फरफटत निघते. ड्रॅग म्हणतात तो हाच. प्रवाहात सापडलेला किडा असा आडवा पळत नाही, आणि ट्राउटला हे पक्कं ठाऊक असतं. मेंडिंग करून, म्हणजे पाण्यावरची लाइन प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकून, हे थोडं टाळता येतं, पण एका कास्टच्या वाटेत तीन वेगवेगळ्या वेगांचे प्रवाह असले की मेंडिंगही पुरत नाही.

आमचा गाईड गुशैणीजवळचाच. तो सारखा एकच सांगायचा, "सर, लाइन कम करो, पास जाओ." ट्राउटचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतं, त्यामुळे खालच्या अंगाने, वाकून, धोंड्यांच्या आडोशाने गेलं तर खूपच जवळ जाता येतं. प्रवाहाचा आवाज आणि पृष्ठभागावरची खळबळ आपल्याला झाकते. मग रॉड उंच धरायचा, लाइन पाण्याला टेकूच द्यायची नाही. पाण्यात फक्त टिपेट (लाइनपुढच्या पारदर्शक धाग्याचं, म्हणजे लीडरचं, बारीक टोक) आणि निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय). प्रवाहाच्या वेगाने रॉडचं टोक प्रवाहाच्या दिशेने नेत राहायचं. असा मोकळा ड्रिफ्ट, म्हणजे फ्लायचं न ओढता वाहणं, तीन-चार सेकंदांचाच मिळतो, पण तेवढा पुरतो.

माझा रॉड नऊ फुटी, चार वेटचा, म्हणजे हलक्या लाइनचा. टिपेट ५ एक्स. (एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. म्हणजे ५ एक्स ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. दुकानात नुसता आकडा बघून गोंधळणाऱ्यांसाठी हे फार उपयोगी आहे.)

फ्लाय कोणती, याचं उत्तर नदीच देते. काठाजवळच्या उथळ पाण्यातला मुठीएवढा दगड उलटून बघा. ओल्या दगडाला चिकटून मेफ्लाय या पाणकिड्याची चपटी पिल्लं सरपटताना दिसतात, पोटाच्या कडेला कल्ले हलत असतात, मागे केसासारख्या शेपट्या. त्यांच्या शेजारी वाळूचे बारीक कण चिकटवून केलेली नळीसारखी घरं असतात, ती कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याची. मला हे दृश्य मासा लागण्याइतकंच आवडतं. दगड होता तसा परत ठेवायचा. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून दिवसभर मी १४ किंवा १६ नंबरची मणीवाली फेझंट टेल निम्फच (मेफ्लायच्या पिल्लाची नक्कल) लावतो. हुकचा काटा पक्कडीने दाबून टाकलेला, म्हणजे मासा पाण्यातच सुटतो.

सगळ्यात सुंदर क्षण स्ट्राइकचा. हाताला झटका जाणवेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, ट्राउटने निम्फ थुंकलेली असते. लीडर पाण्यात शिरतो त्या जागेवर नजर ठेवायची. तो वाहता वाहता किंचित अडतो, बस. त्याच क्षणी मनगट उचलायचं. बरेचदा तो दगड असतो. पण अधूनमधून तो दगड हलायला लागतो, आणि पिवळट पोटाचा, कड्या असलेल्या लाल ठिपक्यांचा मासा उसळी घेतो.

हा मासा मूळचा इथला नाही, हे आपण विसरू नये. ब्रिटनहून अंडी आणून १९०० च्या सुमारास तो काश्मीरमध्ये रुजवला गेला, आणि तिथून १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात आला. इथला मूळ रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट, जो खरं तर कार्पच्या कुळातला. तो गळाला लागला तर माझ्या मते ट्राउटपेक्षाही जास्त हळुवारपणे सोडावा.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण हा त्यांचा अंडी घालायचा काळ. थंड पाण्यात अंडी उबायला काही महिने लागतात, म्हणून मार्चमध्येही स्वच्छ, बारीक खड्यांच्या पट्ट्यांवरून चालू नका. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावाच लागतो. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, त्यामुळे मार्च ते जून आणि मग सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, एवढाच आपला काळ.

मधल्या महिन्यांत घरी काय करायचं? मैदानावर लीडरच्या टोकाला लोकरीचा धागा बांधून कास्ट करता येतो. पण रोल कास्टला, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढे उलगडत टाकायला, पाणीच लागतं, आणि तीर्थनच्या काठावर पाठीमागे झाडं असल्याने तो यायलाच हवा. मी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेततळ्यावर जातो. तिथे तिलापिया निम्फ आवडीने घेतो. साचलेल्या पाण्यात ड्रिफ्ट शिकता येत नाही, पण लीडर अडलेला ओळखायची नजर तयार होते.

ऑक्टोबरसाठी एल्क हेअर कॅडिस (पाण्यावर तरंगणारी, म्हणजे ड्राय, फ्लाय) बांधायला घेतल्यात. संध्याकाळी सूर्य कड्यामागे गेला की मासे वर येऊन टिपतात, तेव्हा याच आखूड लाइनने ड्राय फ्लाय चालवून बघायची आहे. बरोटला उहलवर किंवा रोहडूकडे पब्बरवर कुणी ड्राय फ्लाय वापरली असेल, तर कोणत्या नंबरची चालली ते जरूर कळवा.