बन्नीतली वेडी बाभूळ: बडोद्याहून श्रमदानाला जाणाऱ्यांसाठी

बडोद्याहून संध्याकाळी सयाजीनगरी एक्सप्रेस धरली की पहाटे भुज. तिथून जीपने भिरंडियारा गाव, साधारण ५५ किलोमीटर. पुढे धोरडोच्या बाजूला जायचं तर परवाना लागतो, तेव्हा प्रत्येकाने ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवावी. भिरंडियाऱ्याचा दुधाचा मावा परतताना घ्या. जाताना खाल्ला तर कुदळ जड होते.

बन्नी हा कच्छमधला सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा गवताळ पट्टा, मालधारींच्या म्हणजे इथल्या पशुपालकांच्या म्हशींचा. खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात वनखात्याने इथे परदेशी बाभूळ लावली आणि तिने गवतच गिळलं. कच्छी माणूस तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतो. ती मुळासकट काढून पुन्हा गवत लावायचं, हेच आपलं श्रमदान. बन्नी संरक्षित वन आहे, त्यामुळे गावकऱ्यांनी आखून दिलेल्या तुकड्याबाहेर कुदळ मारू नये.

आधी झाड ओळखा. खिजडो म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिला हात लावायचा नाही. गांड्या बावळीचे काटे पेरापाशी जोडीने येतात, शमीचे छोटे, शंकूसारखे आणि फांदीभर विखुरलेले. शेंगा असल्या तर प्रश्नच नाही: बावळीची शेंग जाड, पिवळट आणि गोड, शमीची बारीक.

नवखे फसतात ते खोडाशी. कोयत्याने जमिनीलगत तोडलं की काम झाल्यासारखं वाटतं, पण बुंध्याच्या सांध्यावरचे डोळे जिवंत राहतात आणि एका खोडाच्या जागी सात-आठ फुटवे येतात. कोळशासाठी वरवर तोडलेली झाडं अशीच दाट झाली. म्हणून बुंध्याभोवती एक फूट खणा, आडवी मुळं तोडा आणि सोटमूळ वीतभर खालून छाटा. मनगटाएवढ्या खोडाला दोघांचा अर्धा तास धरा. जानेवारीत माती विटेसारखी असते, नुसत्या कुदळीने भागत नाही, पहार हवीच.

काटे चपलेतूनच काय, जीपच्या टायरमधूनही आरपार जातात. जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच. तोडलेल्या फांद्यांच्या ढिगाखाली हात घालू नका, काठीने उलटा. फुरसं तिथेच बसतं. माणशी दिवसाला ५ लिटर पाणी.

शेंगा वेगळ्या गोळा करा. गुरं त्या आवडीने खातात, बी शेणातून धडधाकट बाहेर पडतं आणि पुढच्या पावसात रोपं येतात. शेंगा काढलेल्या काटेरी फांद्यांचं कुंपण मात्र फार कामाचं, कारण नवीन गवताला पहिल्या पावसाळ्यात गुरांपासून राखावंच लागतं.

मोकळ्या जागेत जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर अंजन गवताचं बी, हेक्टरी ४-५ किलो. बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडतं. ओलसर माती नि शेणखत मिसळून फेका आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकीच माती ओढा. खोल गेलं तर उगवत नाही. त्याच हंगामातलं ताजं बीही नको, मागच्या वर्षीचं जास्त उगवतं. पांढरा क्षार फुललेल्या जागी अंजन वाया जातं, तिथे आसपास दिसणारं खारं गवतच घ्या.

पाऊस ओसरला की पुन्हा यावं लागतं, निदान तीन वर्षं. ओल्या मातीत वीतभर रोप हाताने उपटून येतं, महिनाभर उशीर झाला की परत पहार. नेमकी तेव्हा नवरात्र असते आणि बडोद्यातून गरबा सोडून यायला कोणी तयार नसतं. त्या फेरीची नावं जूनमध्येच लिहून घ्या.