साम्रदला, अमावास्या बघून

आकाशाचे फोटो काढायचं मनावर घेतलं की सुट्ट्यांचं गणितच बदलतं. लाँग वीकेंड कुणाला हवाय, कॅलेंडरवर काळा गोळा शोधायचा. पावसाळा तर बादच. आकाशगंगेचा केंद्राजवळचा दाट पट्टा हवा असेल तर ऐन हिवाळाही बाद, कारण तेव्हा सूर्य त्याच दिशेला असतो. उरतात फेब्रुवारीअखेर ते मे. त्या हिशोबाने चैत्र अमावास्येच्या सुमारास घोटीहून शेंडीकडे वळलो आणि घाटघरच्या रस्त्याने उजेड असेपर्यंत रतनगडाजवळचं साम्रद गाव गाठलं. ("अमावास्येला घाटात कशाला?" हे घरून ऐकून झालं होतंच.)

सांदण दरीमुळे साम्रदला तंबूवाल्यांची गर्दी असते. त्यांच्या शेकोट्या आणि स्पीकर यांच्यापासून लांब जागा दिवसाच हेरून ठेवावी लागते. ज्यांच्याकडे उतरलो त्या मामांना विचारलं तर म्हणाले, "वरल्या पठारावर जा. पण तिथं बत्तीबित्ती काय नाय, नुसता काळोख."

"तोच पाहिजे, मामा."

पिठलं-भाकरी उरकून वर गेलो. पश्चिमेला मुंबई-ठाण्याचा पिवळट उजेड इथूनही क्षितिजावर दिसतो. पण आपलं काम दक्षिणेला आणि आग्नेयेला, रतनगडाच्या अंगाला. तिकडे चांगला अंधार होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला फोकसमध्ये, आणि तो जाऊ द्यावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भिस्त ठेवू नये. कॅमेरा चित्रा नक्षत्राच्या ठळक ताऱ्यावर रोखला, लाईव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा केला आणि फोकसची रिंग केसभर, केसभर फिरवत राहिलो. फुगलेला पांढरा ठिपका लहान होत जातो, एका जागी टोकदार होतो, पुढे गेलं की कडेला जांभळट झाक येते. तिथून किंचित मागे यायचं आणि रिंगेवर चिकटपट्टी लावून टाकायची. मग रात्रभर तिला हात नाही.

बाकी आकडे सोपे आहेत. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे शटर फार वेळ उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. माझ्या क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) १८ चा २७ होतो, म्हणजे साधारण १८ सेकंद. मी १५ वरच थांबतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. एकच फोटो दाणेदार येतो, पण तसेच १६ एकावर एक रचले की नॉईज चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यासाठी सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे काळे फोटो घ्यायचे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करता येतात.

एप्रिलअखेरीस आकाशगंगेच्या केंद्राचा भाग रात्री अकराच्या सुमारास उगवतो. डोंगर ओलांडून वर यायला आणखी वेळ लागतो. तोवर दक्षिणेला त्रिशंकू आणि मित्र, मित्रक हे तारे बघत बसलो. पहाटे चारला तो पट्टा मध्यावर आला तेव्हा ४० अंश वर होता. लंडनमधून हाच भाग जेमतेम १० अंश वर चढतो. परदेशी व्हिडिओ बघून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याची भरपाई ध्रुवतारा करतो: इथे तो फक्त साडेएकोणीस अंशांवर, एखाद्या झाडाआड सहज लपणारा. ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावायचा तर त्याच्यावरच नेम धरावा लागतो, म्हणून उत्तर मोकळी असलेली जागा निवडायची.

सुरुवातीला काय घ्यावं, असं विचाराल तर टेलिस्कोप मुळीच नको. आधी वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड, लाल टॉर्च आणि पेट्रोलचे पैसे. (पांढरा टॉर्च एकदा डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावायला पुन्हा वीसेक मिनिटं जातात. तंबूवाल्यांची एक टोळी आमच्यापर्यंत येऊन हे सिद्ध करून गेली.) त्यानंतर ट्रॅकर. माझ्या यादीत आता तोच आहे, सोबत भाड्याने १३५ मिलिमीटरची लेन्स. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मध्यावर आला तरी इथून २३ अंशांवरच असतो, तेव्हा पुढची अमावास्या दक्षिणेला डोंगर नसलेल्या एखाद्या पठारावर.